हळदीच्या पट्ट्या, जँगो आणि मराठी वाक्यातली रिकामी जागा: सांगलीतल्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्याला द्यायची हिशोबपट्टी दोन वर्षांपासून मी लिहिलेल्या छोट्या प्रणालीतून निघते. ती जँगोवर आहे, म्हणजे पायथन भाषेत वेब-प्रणाली बांधायच्या तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्कवर), सध्या आवृत्ती ५.२. आवक कमी झाली की दुकानात थोडी उसंत मिळते, म्हणून सगळा पडदा मराठीत करायचं काम जूनमध्ये काढलं. दिवाणजींना इंग्रजी वाचता येतं, पण सौद्याच्या गडबडीत ते वाचत नाहीत. बटणाच्या जागेवरून अंदाज घेतात आणि चुकतात.

जँगोत ॲडमिन नावाचा नोंदी भरायचा भाग तयार मिळतो. मी तोच वापरते. हे फ्रेमवर्क कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. प्रोग्रामर नसलेल्या माणसाला घाईत मजकूर भरता यावा ही तिथली गरज होती. आमच्या दिवाणजींचीही तीच आहे.

पहिली अडचण आकड्यांची. पट्टीवर १,२३४,५६७ असं छापून आलं. आपल्याकडे हे १२,३४,५६७ हवं. जँगोला लाख-कोटी कळत नाहीत असं मी ठरवून टाकलं आणि स्वल्पविराम टाकणारा स्वतःचा फिल्टर लिहिला. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यावर जँगोच्या विकासकांसाठी लांबलचक तक्रारही लिहून ठेवली. पाठवण्याआधी मिरजेच्या मैत्रिणीला वाचायला दिली. ती म्हणाली, "अगं, सेटिंगच्या पानावर 'नंबर ग्रुपिंग' शोधलंस का?"

शोधलं नव्हतं. तिथे भारतीय पद्धतीचंच उदाहरण दिलेलं आहे: (३, २, ०). उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा, पुढचा दोनाचा, आणि शून्याचा अर्थ हाच गट शेवटपर्यंत चालू ठेव. तक्रार पुसून टाकली.

१५ जून

(३, २, ०) सेटिंगमध्ये टाकलं, हजाराचा विभाजकही चालू केला, तरी पडद्यावर काही बदल नाही. तीन तास गेले. कारण असं निघालं: भाषेची स्वतःची स्वरूप-फाइल (आकडे आणि तारखा कशा दाखवायच्या ते सांगणारी) असेल तर सेटिंगपेक्षा तिचा शब्द वरचढ ठरतो. माझा भाषासंकेत भारतीय इंग्रजीचा होता. त्याची वेगळी फाइल नसल्याने जँगो साध्या इंग्रजीच्या फाइलकडे गेला, आणि तिथे तीन-तीनचे गट आहेत. उपाय म्हणजे आपल्या प्रकल्पात स्वतःचा स्वरूप-फोल्डर करायचा, त्याचा पत्ता 'फॉरमॅट मॉड्यूल पाथ' या सेटिंगमध्ये द्यायचा आणि आत मराठी व इंग्रजी अशा दोन्ही फाइली ठेवायच्या. इंग्रजीची फाइलही लागते, कारण एखाद्याचा ब्राउझर इंग्रजी मागतो आणि त्याच्यापुरते लाख पुन्हा मिलियनसारखे दिसू लागतात.

१९ जून, गुरुवार

आजची चूक मोठी होती. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी दिवाणजींनी एका शेतकऱ्याची पट्टी छापली आणि हातात भलत्याच माणसाची पट्टी आली. दोन वर्षांपूर्वीची, लॉट क्रमांक १ ची. शेतकरी शांतपणे म्हणाला, "हे माझं नाव न्हाई." दिवाणजींनी दोनदा छापून पाहिलं. दोन्ही वेळा तेच.

त्या शेतकऱ्याचा लॉट १००० वा होता. हजाराचा विभाजक चालू केल्यापासून साच्यात (ज्यातून पान तयार होतं त्या टेम्प्लेटमध्ये) कुठलाही पूर्णांक लिहिला की जँगो त्यात स्वल्पविराम घालतो. रकमेत तो हवाच असतो, पण छापण्याच्या बटणामागे लपवलेल्या लॉट क्रमांकातही तो घातला गेला: '१,०००'. ब्राउझरात चालणारी माझी जावास्क्रिप्ट तो क्रमांक 'पार्स-इंट'ने वाचते. ते फंक्शन पहिल्या अनोळखी चिन्हापाशी थांबतं आणि तोवरचा आकडा घेतं, म्हणजे १. चूक दाखवणारा संदेश कुठेच आला नाही. निमूटपणे दुसऱ्याच माणसाचा हिशोब निघाला.

९९९ लॉटपर्यंत हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. माझ्या चाचण्यांत तर पाचच लॉट होते.

दुरुस्ती: साच्यात क्रमांकाला 'अनलोकलाइझ' हा आकडा जसाच्या तसा ठेवणारा फिल्टर लावला. असे एकूण चौदा क्रमांक सापडले. शिवाय चाचणीत पहिला लॉट १२,३४५ पासून सुरू केला, म्हणजे ही चूक पुन्हा झाली तर चाचणीतच अडकेल. त्या शेतकऱ्याला मामांनी हाताने पट्टी लिहून दिली.

२३ जून

आकडे जागेवर आले, आता शब्द. जँगोसोबत मराठी भाषांतर येतं. लोकांनी आपल्या वेळात केलेलं ते काम आहे आणि त्यामुळे माझं निम्म्याहून जास्त काम वाचलं. भाषा मराठी केली, दिवाणजींना बसवलं आणि म्हटलं, जे खटकेल ते सांगा. त्यांनी एक पट्टी भरली, एक व्यापारी आणि एक खातं उघडलं. मग म्हणाले, "पोरी, याला बाई-पुरुष कळत नाही."

खरं आहे, आणि त्यात भाषांतर करणाऱ्याचा दोष नाही. नोंद जतन झाल्यावर येणाऱ्या वाक्यात दोन रिकाम्या जागा असतात. पहिलीत वस्तूचा प्रकार येतो, दुसरीत तिचं नाव. इंग्रजीत क्रियापद तसंच राहतं. मराठीत पट्टी जोडली, व्यापारी जोडला, खातं जोडलं. भाषांतर करणाऱ्याला रिकाम्या जागेत काय येणार हे माहीतच नसतं. तो कुठलंही एक रूप निवडो, उरलेल्या दोन लिंगांत ते चुकणारच.

विभक्ती प्रत्ययांचं दुखणं याहून वाईट. 'पट्टी'ला 'ला' लावता येतो, 'पट्टीला'. 'व्यापारी'चं 'व्यापाऱ्याला' होतं, 'खाते'चं 'खात्याला'. रिकाम्या जागेला प्रत्यय चिकटवला की 'खातेला' असं काहीतरी पडद्यावर येतं.

२८-२९ जून, शनिवार-रविवार

विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंकडे गेले. त्या निवृत्त आहेत आणि पडद्यावर वाचत नाहीत. म्हणून ॲडमिनची सगळी वाक्यं छापून नेली: ३८ पानं, ७६ रुपये. हा खर्च सगळ्यात सार्थकी लागला. कागदावर वाक्यं एकाखाली एक आली की त्यांतला सारखेपणा दिसतो.

बाईंनी तासाभरात मार्ग सांगितला. रिकाम्या जागेतल्या शब्दाशी क्रियापद जुळवायचंच नाही. वाक्यात आपलं एक नाम आणायचं आणि क्रियापद त्याच्याशी बांधायचं. 'नोंद' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणजे 'पट्टी "१०२४" ची नोंद झाली', 'खाते "किरकोळ" ची नोंद झाली'. आत काहीही येवो, 'झाली' चुकत नाही. आणि प्रत्यय प्रकाराच्या नावाला न लावता अवतरणचिन्हानंतर लावायचा, म्हणजे सामान्यरूपाचा प्रश्न उरत नाही.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींना दाखवलं. पट्टी आणि खातं त्यांना चाललं. व्यापाऱ्याच्या नोंदीपाशी ते थांबले. "जोशी ची नोंद? आपण जोशींची म्हणतो." मग खिशातलं पेन काढून रोजकीर्दीच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं: *नोंद झाली: व्यापारी, जोशी.* "कीर्दीत असंच असतं. आधी काय झालं, मग कुणाचं."

चाळीस वर्षं कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या माणसाने दोन ओळींत गाठ सोडवली. प्रत्ययच नाही, त्यामुळे चुकायला जागा नाही. बाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनाही ते पटलं. लांब वाक्यांत 'नोंद'ची युक्ती आणि छोट्या संदेशांत कीर्दीची पद्धत, असं आमचं ठरलं.

१ जुलै

बदललेली वाक्यं जँगोच्या मूळ फाइलीत हात न घालता आपल्या प्रकल्पात ठेवता येतात. 'लोकेल पाथ्स' या सेटिंगमध्ये दिलेल्या फोल्डरातल्या भाषांतराला पहिला मान मिळतो. मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं लिहायचं आणि खाली आपलं मराठी. मी फाइल हाताने लिहिली आणि निम्मी वाक्यं इंग्रजीतच दिसत राहिली.

दीड तासाने कळलं की मूळ वाक्यांत गोल अवतरणचिन्हं आहेत आणि मी कळफलकावरची सरळ टाइप केली होती. डोळ्यांना ते वाक्य एकच वाटतं, पण संगणकाला दोन वेगळी वाक्यं दिसतात. मूळ वाक्य टाइप करायचं नाही, जँगोच्या फाइलीतून उचलून आणायचं.

३ जुलै, गुरुवार

सौद्याच्या दिवशी प्रणाली बंद पडली. कारण पुन्हा माझ्याच फाइलीत होतं.

बाईंनी कागदावर भाषांतर करताना महिरपी कंसातले शब्दही, म्हणजे रिकाम्या जागांची नावं, मराठीत लिहिले होते. 'नेम'च्या जागी 'नाव'. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. कंसातला शब्द जसाच्या तसा ठेवायचा हे मी सांगितलंच नव्हतं. मी ते तसंच उतरवलं. नोंद जतन करताना पायथनने 'नाव' नावाची किंमत शोधली, ती मिळाली नाही आणि पान कोसळलं.

त्याहून वाईट असं की ॲडमिन नोंद जतन करणं आणि संदेश तयार करणं एकाच व्यवहारात करतो. संदेश फसला की सगळा व्यवहार मागे फिरतो. म्हणजे दिवाणजींनी भरलेला लॉट डेटाबेसमध्ये गेलाच नाही. सात लॉट पुन्हा भरावे लागले. नशिबाने काटापट्ट्या टेबलावरच होत्या.

ही चूक आधीच पकडता आली असती. भाषांतराची फाइल यंत्रासाठी संकलित करणारं गेटटेक्स्ट या भाषांतर-संचातलं साधन कंसातले शब्द जुळतात का ते तपासतं, पण वाक्याच्या वर 'पायथन-ब्रेस-फॉरमॅट' अशी खूण असेल तरच. यंत्राने बनवलेल्या फाइलीत ही खूण आपोआप येते. माझी फाइल हाताने लिहिलेली, त्यामुळे खूण नव्हती आणि साधन गप्प बसलं. आता सगळ्या खुणा घातल्या. मुद्दाम एक चूक करून पाहिली. साधन लगेच ओरडलं.

बाईंना रात्री फोन केला. त्यांना वाईट वाटलं. मी म्हटलं, बाई, सांगायचं माझ्याकडून राहिलं. यापुढे छापील पानांवर कंसातले शब्द राखाडी रंगात असतील.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी, यार्ड बंद. दिवसभर हेच काम.

आमच्या प्रकल्पातल्या नव्या वाक्यांसाठी 'मेक-मेसेजेस' चालवलं आणि जँगोसाठी लिहिलेली ६२ बदली वाक्यं एका क्षणात टिप्पणीत गेली, म्हणजे निकामी झाली. हे साधन आपल्या कोडमधली वाक्यं गोळा करतं. जे वाक्य कोडमध्ये सापडत नाही ते कालबाह्य ठरवतं. जँगोची वाक्यं माझ्या कोडमध्ये कुठून सापडणार? कोडच्या जुन्या प्रती जपणाऱ्या गिटमध्ये आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावलं. आता बदली वाक्यं वेगळ्या फोल्डरात आहेत आणि त्यावर हे साधन चालवत नाही.

आणखी एक शोध: 'व्यापाऱ्याचे' हा शब्द फाइलीत शोधला तर निम्मेच सापडत होते. मी आणि मैत्रीण वेगवेगळे कळफलक वापरतो. माझ्याकडे ऱ हे स्वतंत्र अक्षर उमटतं, तिच्याकडे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही एकच. सगळीकडे स्वतंत्र ऱ ठेवायचा ठरवलं आणि तपासायला चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

१२-१३ जुलै, शनिवार-रविवार

जे आम्हाला उपयोगी पडलं ते आमच्या दुकानापुरतं ठेवणं मनाला पटेना. मराठीत जँगो वापरणाऱ्या प्रत्येकाला 'खातेला' दिसणार असेल, तर दुरुस्ती मुळातच व्हायला हवी.

जँगोची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावर होतात, गिटच्या पुल रिक्वेस्टमधून (कोडमधला बदल सामावून घेण्याच्या विनंतीतून) नाही. तारखा आणि आकड्यांच्या स्वरूप-फाइली मात्र पुल रिक्वेस्टमधून जातात. ही वाटणी मला ठाऊक नव्हती. मी सगळं एकत्र पुल रिक्वेस्टमध्ये घालायला निघाले होते. मराठीच्या गटात सामील होण्याची विनंती केली. मान्यता येईपर्यंत थांबायचं.

तोवर येणाऱ्या आवृत्तीत वाक्यं बदलत आहेत का ते पाहण्यासाठी मुख्य शाखा, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं चालू कोड, उतरवून घेतली. मोबाइलचा डेटा वाचवायला फक्त शेवटच्या कमिटपुरती (नोंदवलेल्या बदलापुरती) उथळ प्रत घेतली. ही काटकसर अंगाशी आली. एखादं वाक्य असं का आहे हे कळायला त्या ओळीचा इतिहास लागतो, आणि उथळ प्रतीत प्रत्येक ओळ एकाच कमिटची दिसते. शेवटी पूर्ण इतिहास आणावाच लागला. मग चाचण्या चालेनात, कारण मुख्य शाखेला पायथन ३.१२ लागतं आणि माझ्या संगणकावरच्या उबुंटू २२.०४ प्रणालीत ३.१० आहे. नवं पायथन बसवण्यात रविवारही गेला.

जँगोच्या तिकिटांवरच्या (तक्रारी आणि सूचनांच्या नोंदींवरच्या) जुन्या चर्चा वाचण्यात मात्र चार संध्याकाळी घालवल्या, आणि त्याचं समाधान आहे. तिथे कुणी आपलंच तिकीट स्वतः मान्य करत नाही, दुसऱ्याने तपासून ते पुढे न्यायचं असतं. आपल्या बदलाला 'समाविष्ट करायला तयार' ही खूणही आपण लावायची नसते. चाचणी नसेल तर तसं स्पष्ट लिहिलं जातं, आणि लिहिणाऱ्याला त्यात अपमान वाटत नाही. माझी जूनमधली तक्रार तिथे गेली असती तर एका ओळीत उत्तर मिळालं असतं, आणि कुणाचा तरी वेळ फुकट गेला असता.

२६ जुलै

गटात प्रवेश मिळाला. पहिला विचार आला की आपली फाइल एकदम चढवून टाकू. मैत्रिणीने अडवलं. "तुझ्याआधी लोकांनी रात्री जागून केलंय ते. त्यांचं वाक्य न विचारता पुसणार?" तिचं बरोबर होतं.

म्हणून प्रत्येक वाक्यासाठी वेगळी सूचना आणि सोबत कारण. कारण लिहायची पद्धत अशी: आत्ताचं वाक्य पट्टी, व्यापारी आणि खातं या तीन शब्दांनी भरून दाखवायचं, मग आपलं वाक्य त्याच तीन शब्दांनी. वाचणाऱ्याला व्याकरणाचं स्पष्टीकरण लागत नाही. पहिल्या दिवशी सहा झाल्या. एका सूचनेला वीस मिनिटं.

९ ऑगस्ट

पुण्याच्या एका भाषांतरकाराशी चर्चा झाली. तो जँगोवर कामं करतो आणि माझ्याहून अनुभवी आहे. त्याचा आक्षेप असा की कीर्दीसारखी वाक्यं तुटक वाटतात. 'नोंद झाली: पट्टी "१०२४"' हे वाक्य नाही, मथळा आहे. पडद्यावरच्या भाषेने माणसासारखं बोलावं.

दोन दिवस मी त्यावर विचार केला. यादीच्या डोक्यावर दिसणाऱ्या संदेशाबाबत मी ठाम राहिले, कारण तो एका नजरेत वाचायचा असतो. पण पुसण्याआधी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाबाबत त्याचं म्हणणं बरोबर होतं. तिथे माणूस थांबून वाचतो, तिथे पूर्ण वाक्यच हवं. म्हणून 'ही नोंद कायमची काढून टाकायची का?' आणि खाली नाव. 'हटवा' की 'काढून टाका' यावरही बोलणं झालं. दिवाणजींना 'हटवा' म्हणजे बाजूला सरकवा असं वाटतं, आणि बाजूला सरकवण्याच्या समजुतीने पुसलेली नोंद परत येत नाही. त्याला हे उदाहरण पटलं. मात्र शेकडो ठिकाणी वापरलेला शब्द एकट्याने बदलायचा नाही, त्यावर गटात वेगळं बोलायचं, असं ठरलं.

एकवचन-अनेकवचनात त्याने माझी चूक दाखवली. 'निवडलेल्या पट्ट्या' चालतं, पण 'निवडलेल्या व्यापारी' चालत नाही. मी विशेषणाकडे पाहिलंच नव्हतं, सगळं लक्ष क्रियापदावर. अकरा वाक्यं पुन्हा लिहिली: 'निवडलेल्या नोंदी काढून टाका' आणि मग प्रकाराचं नाव.

२० ऑगस्ट

पाऊस. मामांचं सगळं लक्ष आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे तिकडे. खालच्या थरातली पोती वर चढवायला मीही गेले. काम नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बसलेत, घरात पाहुणे. तरी सूचना पूर्ण झाल्या: ४७. त्या तपासणीच्या रांगेत आहेत. मान्य झालेलं भाषांतर जँगोच्या कोडमध्ये नव्या मुख्य आवृत्तीच्या वेळी घेतलं जातं, म्हणून आमच्या दुकानात बदली फोल्डर तोवर राहील.

खर्चाचा हिशोब: छपाई दोन वेळा मिळून १५२ रुपये, जादा डेटा २९८ रुपये. वेळ साधारण २६ संध्याकाळी. त्यातल्या नऊ पूर्णपणे वाया: दोन फिल्टरमध्ये, एक स्वरूप-फाइलीत, दोन अवतरणचिन्हं आणि कंसात, दोन 'मेक-मेसेजेस' आणि ऱ मध्ये, दोन पायथन बसवण्यात.

६ सप्टेंबर

दिवाणजी आज म्हणाले की आकडा टाकायच्या चौकटीत मराठी अंक उमटत नाहीत. तपासलं. पायथनला १२३ हे देवनागरीतही कळतं, जँगोलाही चालतं. अडवतो तो ब्राउझर, कारण संख्येसाठीची चौकट इंग्रजी अंकच घेते. साधी मजकुराची चौकट देऊन आकड्यांचा कळफलक उघडण्याची सूचना जोडली. वजनाच्या रकान्यात आता १२.५० टाकता येतं. दराचा रकाना उद्या.